खिडकीच्या आतल्या पट्ट्या

सोमवार, ४ मार्च
पोचलो एकदाचा! ताईचं घर पाहून जीव हरखला. दाजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, ते अख्खं लाकडात स्वतःच्या हातांनी उभं केलंय. दुसऱ्या कुणाला एक खिळा ठोकू दिला नाही. आता त्यांच्या पाठीने संप पुकारला, म्हणून ताईने हट्टाने मला बोलावलं. काम एवढंच: भिंत आणि खिडकीची चौकट यांतली फट भरायची, आतून गुळगुळीत पट्ट्या बसवायच्या. माझ्यासारख्या सुताराला ही तर सुट्टीच. ताई म्हणते, सूट घातलेला माणूस अनवाणी उभा राहावा तसं घर दिसतंय.

मंगळवार, ५ मार्च
बैठकीची खिडकी झाली. पट्ट्यांवर रंधा मारला, कोपरे असे जुळवले की नख शिरणार नाही. ताई खूश. दाजी मात्र भिंतीवरून हात फिरवत राहिले, आजारी लेकराच्या अंगावरून फिरवावा तसा. ताई हळूच म्हणाली, घराला परका हात लागलेला त्यांना खपत नाही. मी हसण्यावारी नेलं.

बुधवार, ६ मार्च
सकाळी सगळ्या पट्ट्या जमिनीवर. खिळे वाकून बाहेर फेकलेले. माझं डोकंच फिरलं. दाजींना तोंडावर विचारलं. त्यांनी भिंतीकडे बघत शांतपणे सांगितलं, "मी नाही. त्याला तू नको आहेस."
ताईला म्हटलं, सामान भर, माझ्याबरोबर चल. ऐकेना. म्हणाली, स्वयंपाकघराची खिडकी तेवढी करून जा.

गुरुवार, ७ मार्च
माप घेऊन पट्टी कापली, लांब भरली. पुन्हा मापलं, कापली, पुन्हा लांब. ताई चिडवायला लागली, धंदा विसरलास की काय. मग ती बाहेर वाळत ठेवलेली परात आत घ्यायला गेली. सकाळी याच खिडकीतून बाहेर ठेवलेली परात आता आत येईना. ताई परात तिथेच टाकून मागे सरली.

शुक्रवार, ८ मार्च
दाजी उजाडताच बाहेर गेले. त्यांच्यामागे दार घट्ट बसलंय. लाथा मारल्या, पहार लावली, पहारच वाकली. खिडक्या आखडताहेत. लाकूड दात खाल्ल्यासारखं करकरतंय. दाजी अंगणात उभे आहेत. ताई रडून विनवतेय, पण ते तिच्याशी बोलत नाहीत. घराशी बोलताहेत. त्याची माफी मागताहेत.

दुपार
काच फोडून ताईला स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर ढकललं. खांदे सोलवटले, पण सुटली! "थांब, कुऱ्हाड आणते," म्हणाली. त्या फटीत आता माझं डोकंही मावत नाही —

घाव पडताहेत. ताईच. भिंती थरथरताहेत — दाजी ओरडताहेत, त्याला मारू नकोस —

झटापट — ताई किंचाळली. एकदाच —

घाव थांबले. हाका मारतोय. ताई ओ देत नाही —

खिडकी मोठी होतेय. आपोआप. खांदेही मावतील आता — पण खिडकीत दाजी आहेत, हातात कुऱ्हाड — म्हणताहेत, आतलं काम आता मी स्वतःच —