समुद्राची ओटी

सोलापूर, सोमवार, मार्गशीर्ष, १९७४

सकाळी कोकणातनं परत आलो. सुशी, माझी धाकटी जाऊ, अजून खोकतीये. खारं पाणी छातीत गेलंय. आणि घरात सगळे तिलाच बोलतायत.

समुद्राची ओटी भरायला गेलो, तेव्हा वादळ नुकतंच होऊन गेलेलं. समुद्र वरनं गप दिसत होता. कोळीण सांगत होती, "बाय, वादळानं खालची वाळू ओढून नेलीय, खड्डे पडलेत. ओटी काठावरनंच सोडा."

मी तिलाच म्हणाले, "आमी भीमेत कंबरभर पाण्यात उतरून ओटी सोडतो. आमाला नको शिकवू."

शहाणी मी! भीमा कुठं, समुद्र कुठं. आणि उतरले का मी? लाटा बघून मीच मागं सरले. म्हणून नारळ सुशीच्या हातात दिला. "जा की पुढं. काठावर टाकून येऊ नकोस, नारळ परत आला तर बघ."

बघता बघता ती दिसेनाशी झाली. कोळणीच्या नवऱ्यानं ओढून काढली. नारळ हातातच.

आज भाऊजी, तिचे यजमान, तिच्यावर ओरडले, "कुणी सांगितलं होतं आत जायला?"

ती म्हणाली, "माझाच पाय घसरला."

मी भाकऱ्या थापत होते. थापतच राहिले. एरवी एवढं चालतं तोंड, तेव्हा काय झालं होतं?

मग तिला दूध द्यायला गेले. विचारलं, "अगं, बुडत होतीस, तर नारळ सोडायचा की. धरून का बसलीस?"

"तुमी रागवाल म्हणून, अक्का."

भाऊजी अजून बाहेर बसलेत. उठून सांगायला पाहिजे.