गायरानाची बातमी कोणाची

पुणे, २१ नोव्हेंबर २००२

ती. संगमेश्वरदादांस शि. सा. न. वि. वि.

दिवाळीहून परतले आणि कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले. आईच्या करंज्या माझ्या विद्यार्थिनींनी एका दुपारीच संपवल्या.

आता खरी गोष्ट. भाऊबीजेनंतर तुम्ही मला कवठदऱ्याला नेलंत आणि गायरानावर खडी क्रशरसाठी पुरलेले खांब दाखवलेत. तिथं मेंढ्या चारणाऱ्या रतनबाई म्हणाल्या होत्या की ग्रामसभा झालीच न्हाई, अन् गावानं जमीन दिली म्हणं. ते मी इंटरनेटवर टाकलं. क्लासच्याच संगणकावर एक पान तयार केलं. मराठी फाँट सगळ्यांकडे नसतो, म्हणून मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलं. खाली मैत्रिणीच्या कॅमेऱ्यातले फोटो जोडले. वाटलं, दोघं-चौघं वाचतील. पण मूळच्या माजलगावच्या, मस्कतला नर्स असलेल्या एका बाईंनी ते ओळखीच्यांना पाठवलं, त्यांनी पुढं पाठवलं, आणि कितीतरी जणांनी कलेक्टरसाहेबांना पत्रं लिहिली. तिकडं काही हालचाल झाली का? मोठ्या पत्रकारांनी लहान बहिणीला कळवावं.

आईला नमस्कार, वहिनींना आठवण. माया आहे तशीच राहू द्या.

आपली
शिवांजली

केज, २ डिसेंबर २००२

चि. शिवांजलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

हालचाल झाली. तहसीलदार स्वतः कवठदऱ्यात आले. मी मोटरसायकल दामटून पोचलो, तर त्यांनी मला विचारलं, शिवांजली मॅडम आपल्या कोण लागतात. दुकान सांभाळून इतकी वर्षं मी साप्ताहिकाचा वार्ताहर आहे. आजवर एकाही साहेबानं माझं नाव विचारलेलं नाही.

हीच बातमी मी ऑगस्टात दिली होती. संपादकांनी चार ओळी ठेवल्या, त्याही निधनवार्तेखाली. क्रशरचे मालक धर्मराज आम्हाला जाहिराती देतात, हे तुला पुण्यात बसून कसं कळणार. मी उन्हात हिंडून जे गोळा केलं, ते तू एका चकरेत उचललंस. वर मला नुसतं 'माझे बंधू' म्हटलंस, नावसुद्धा नाही. आईनं तर कुणाकडून तरी तुझं पान कागदावर छापून आणलंय आणि गल्ल्यामागं लावलंय. कापड घ्यायला आलेल्या बाईला आधी ते दाखवते, मग साडी.

आणि तुझी चूक ऐक. रतनबाईला तू विधवा करून टाकलंस. तिचा नवरा म्हाळू चांगला धडधाकट आहे, तेव्हा मेंढ्या घेऊन गोदावरीकाठी, गंगथडीला गेलता. पेपरात असं छापून आलं तर लोक संपादकाच्या दारात येतात. तुझं दार कुठंय? कुणीही उठावं आणि काहीही लिहावं, ही कसली लोकशाही?

थंडी वाढलीय, स्वेटर घालत जा. राग आहे म्हणून काळजी कमी समजू नकोस.

तुझा
दादा

पुणे, १२ डिसेंबर २००२

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी रडले, मग चिडले, मग संगणकापुढं बसले. पानावर सगळ्यात वर लिहिलं की म्हाळू हयात आहेत, चूक माझी आहे, आणि ही बातमी पहिल्यांदा केजच्या संगमेश्वर यांनी शोधली. खाली माझा पत्ताही दिला. तुम्ही विचारलंत ना दार कुठंय, ते हे.

त्या दारात पहिले धर्मराजच आले. लांबलचक खुलासा पाठवला, की क्रशर आला तर गावाला रोजगार मिळेल आणि गावानं हात वर करून संमती दिली आहे. मी तो एकही शब्द न गाळता टाकला. लगेच कवठदऱ्याच्याच एकानं, जो इथं बांधकामावर सुपरवायझर आहे, लिहिलं की संमती देणाऱ्यांत माझंही नाव आहे, पण मी तर त्या दिवशी पुण्यात होतो. दादा, हे असं तोंडावर विचारणं तुमच्या चार ओळींत कुठं मावलं असतं?

सव्वीस जानेवारीला पुन्हा ग्रामसभा घेणार, असं ऐकलं. मला रजा नाही. तुम्ही जा आणि लिहून पाठवा. नाव तुमचंच राहील.

भांडण चालू ठेवा, पण पत्र बंद करू नका.

आपली
शिवांजली

केज, ३० जानेवारी २००३

चि. शिवांजलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुला उत्तर द्यायचंच नाही, असं ठरवलं होतं. संक्रांतीला रतनबाई दुकानात आली, हातावर तिळगूळ ठेवला अन् म्हणाली, दादा, सभेची समदी हकिकत ल्ह्या, पर तुमच्या पेपरात नगं, ताईच्या मशिनीत घाला. मी हसलो. त्या दिवशी जेवण गेलं नाही. संपादकांनीही बजावलं की सभेला फिरकू नको, धर्मराजांची पानभर जाहिरात आहे. एरवी मी ऐकलं असतं. खरं सांगतो, न्यायासाठी गेलो असं म्हणवत नाही. तुझ्यापेक्षा चांगलं लिहून दाखवायचं होतं, म्हणून गेलो.

देवळापुढं सभा भरली. बायका चक्क पुढं बसल्या. ग्रामसेवकानं जुना ठराव वाचायला घेतला तशी रतनबाई उठली. म्हणाली, ह्या ठरावाला जे हजर हुते त्यांनी आत्ता हात वर करा. सरपंचांचा आणि आणखी दोघा-तिघांचाच हात वर गेला. धर्मराजांची माणसं ओरडली की पुण्याच्या कागदावर गाव चालवायचं का. त्यावर म्हाळू सावकाश म्हणाला, कागद पुण्याचा हाय, पर गायरान आमचंच हाय. मग हात मोजले. ठराव रद्द झाला.

तिथून थेट अंबाजोगाई गाठली. रतनबाईची लेक सुकन्या तिथं कॉलेजात शिकते. तिनं इंटरनेट कॅफे दाखवला, शेजारी बसून अक्षरं शोधून दिली, मी एका बोटानं टाइप केलं. ते तुला मिळालंच आहे. काल संपादकांनी माझं ओळखपत्र परत मागितलं. देऊन आलो.

आई बरी आहे. तुझ्यावरचा राग थोडा उरलाय, तो ठेवून बाकीचे आशीर्वाद घे.

तुझा
दादा

पुणे, १२ फेब्रुवारी २००३

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

ओळखपत्राचं वाचून जीव हळहळला. पण आता माझं ऐका.

तुमचा मजकूर टाकला आणि मेलांची रीघ लागली. मस्कतच्या बाईंनी लिहिलं की सभेत आपणच मांडी घालून बसलोय असं वाटलं, यापुढे शक्यतो संगमेश्वर यांनाच लिहायला सांगा. शक्यतो. पान मी उभं केलं, दादा. ती मेल मी दोन दिवस कुणाला दाखवली नाही, नंतर टाकली. तुमचं जेवण का गेलं नाही, ते मला तेव्हा समजलं.

आणि काल सुकन्याची मेल आली. तुम्हाला विचारलं नाही, मलाही नाही. ती लिहिते, दादांनी म्हटलंय की बोलताना माझ्या आईचा आवाज भीतीनं कापत होता. आई भ्याली नव्हती, तिला राग आला होता. गायरानातले खांब अजून तसेच आहेत. ते निघेपर्यंत मी दर आठवड्याला लिहीन, आणि यापुढं आमच्या वस्तीचं आम्हीच लिहू.

जशीच्या तशी सगळ्यात वर टाकली. संध्याकाळपर्यंत तिला तुमच्यापेक्षा जास्त उत्तरं आली. हे तुम्हाला कळवताना मला फार बरं वाटतंय.

जळा, पण लोभ ठेवा. मीही तेच करतेय.

आपली
शिवांजली