बाबांचे मोजे

हर्षददादा,

काल आईला घेऊन तुझा सिनेमा बघून आले. इथे मुलुंडलाच लागलाय.

त्यात वडील गेल्यावर तू त्यांच्या थंडगार पायांत मोजे चढवतोस, तो सीन सुरू झाला आणि मी खुर्चीत सरळ झाले. बाबा गेले तेव्हा मी त्यांना असेच मोजे घातले होते. डावा मोजा टाचेशी अडकत होता, तर मी त्यांनाच म्हणाले, "बाबा, जरा पाय सैल सोडा ना." तू शूटिंग सोडून आला नव्हतास. हे सगळं मी तुला फोनवर सांगितलं. तू नुसतं हं-हं करत होतास, म्हणून मला वाटलं, तू ऐकतच नाहीयेस.

पडद्यावर तू तेच वाक्य बोललास, अगदी हळू. अख्खं थिएटर मुसमुसत होतं. पुढच्या रांगेतला एक माणूस चष्मा काढून डोळे पुसत होता. मीही ढसाढसा रडले रे. तुझ्यावर राग होता, तरी रडले. कारण तेवढ्यापुरता तू खरंच घरी आला होतास, बाबांच्या पायाशी बसला होतास.

आई मात्र रडली नाही. परतताना रिक्षात म्हणाली, "चांगलं काम केलंय हर्षदनं. त्या सिनेमातल्या बापाचं नशीब बरं."

हे मी तुला पाठवणार नाही. वाचून तू रडशील, आणि मग आईचं हे बोलणंही मला कुठल्यातरी सिनेमात ऐकावं लागेल.

मनाली