एकशे तेरा लिंबांची निरवानिरव

मी, दयाराम संपत तायडे, निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार रोहिणखेड, तालुका मोताळा, जिल्हा बुलडाणा, वय ७३ वर्षे, बुद्ध, धम्म आणि संघाला वंदन करून हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वहस्ते लिहितो. ७३ ही मूळ संख्या आहे, तिला एक आणि ती स्वतः सोडून कोणाचाच भाग जात नाही. पुढल्या वर्षी ७४ होतील, मग दोनाने भाग जाईल आणि माझी दोन्ही पोरं लगेच येऊन बसतील. म्हणून यंदाच लिहितो.

माझी अक्कल ठिकाणावर असल्याबद्दल डॉ. मंजुश्री वाकोडे यांनी मला तपासले. रक्तदाब १४३/९१ भरला. दोन्हींत १३ सामाईक आहे, असे मी जागेवर सांगितले. त्या म्हणाल्या, "सर, डोकं एकदम शाबूत आहे, पण मीठ कमी करा."

कलम १. राहते घर, क्रमांक ४९, माझी पत्नी जनकाबाई हिला. ४९ चे विभाजक तीनच, १, ७ आणि ४९. सातचा जोडीदार सातच, कमी ना जास्त. आमचा संसारही तसाच झाला. हे तिला वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "घर दिलं म्हना न सरळ! मराच्या वक्तीबी पाढेच काऊन?" तरी मजकूर बदलणार नाही.

कलम २. लोखंडी कपाट थोरला मुलगा प्रसेनजित याला, तो खामगावला कापसाच्या जिनिंगमध्ये आहे. मोटारसायकल धाकटा देवानंद याला, त्याचे मोताळ्यात मोबाइलचे दुकान आहे. कपाटाचे दार लागत नाही आणि मोटारसायकल उतारावरच चालू होते. भांडायला कारण ठेवलेले नाही.

कलम ३. माझे जुने सहशिक्षक शालिग्राम नारखेडे यांनी भर वर्गात, तपासणीला आलेल्या साहेबांसमोर, ९१ ला कोणाचाही भाग जात नाही असे सांगितले. मी खडू घेऊन ७ × १३ लिहिले. त्यांनी ते पुसले! पुसले म्हणून काय ते खोटे झाले? त्यांना ९१ लिंबे देण्याची माझी इच्छा होती, तेरा-तेराच्या सात पिशव्यांत, म्हणजे घरी नेऊन मोजत बसले असते. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असे वकील म्हणाले, आणि गावात या वेळेला रिकामा माणूस तेवढा एकच, म्हणून साक्षीदार तेच. तरी त्यांना काहीही दिलेले नाही, याची नोंद घ्यावी.

कलम ४. आता बाग. गट क्रमांक २८७ (७ × ४१), कागदी लिंबांची. खरी गोष्ट हीच आहे.

माझी मुलगी दीपमाला तिघांत थोरली. माझा पाय मोडून मी खाटेवर पडलो होतो तेव्हा विहीर आटलेली होती. त्या उन्हाळ्यात या पोरीने नाल्यावरून हंडे वाहून ही बाग जगवली. तेव्हा दोघे भाऊ गोट्या खेळत होते. आमच्याकडे राखीला बहिणीच्या ताटात साडी ठेवतात आणि पुष्कळ घरी साडीखाली हक्कसोडीचा कागद असतो. बहीण राखी बांधते, सही करते, पुरणपोळी खाते आणि बापाच्या जमिनीतून कायमची बाहेर पडते. यंदा माझ्या घरी तो कागद निघाला. दीपमालाने पेनही उचलले होते. "जाऊ द्या बाबा, माहेर तुटाले नको," म्हणाली. मी पेन हिसकावले आणि बजावले, की बागेतल्या झाडांना ज्या संख्येने निःशेष भाग जाईल तितक्याच वाटण्या होतील. बाकी शून्य आली पाहिजे.

तेव्हा झाडे होती १०८. १०८ ला दोनानेही भाग जातो, तिनानेही. हा धोका ओळखून मी आणखी तीन रोपे लावली. झाली १११. अंकांची बेरीज तीन, म्हणजे तिनाने भाग जातो, प्रत्येकी ३७. दोनाने जात नाही. करा म्हटले दोघांत वाटणी!

पोरे माझ्याच छडीखाली शिकलेली, हिशेब मोडायची हिंमत नाही. लिंबाचे झाड तोडले तर जनकाबाई जेवू घालणार नाही, तेही माहीत. पुढच्या रविवारी दोघे वेगवेगळ्या वाटांनी, पण हसत हसत आले.

"बाबा, झाडं मोजा बरं. एकशे बारा हायेत. छप्पन-छप्पन," प्रसेनजित म्हणाला.

"हाव, एकशे बाराच," देवानंद म्हणाला, "म्या लावलं न एक."

"तू? एक तं म्या लावलं!"

"मंग मले काऊन नाही सांगतलं बे?"

"तुनं सांगतलं होतं का?"

दोघे भाऊ गेले वर्षभर एकमेकांशी बोलत नाहीत, त्याचे फळ हे. मी मोजली. ११३. दोन, तीन, पाच, सात, कोणाचाही भाग जात नाही. पुढे अकरा घ्यायची गरज नाही, अकराचा वर्ग १२१, तो ११३ च्या वर गेला. शोध तिथेच संपतो. ११३ मूळ संख्या आहे. तिला एकाने नाहीतर ११३ नेच निःशेष भाग जातो, आणि मला ११३ पोरे नाहीत, म्हणून वाटणी एकच होईल. सबब संपूर्ण बाग, विहिरीसह, मी दीपमाला हिला देत आहे. ही कृपा तिच्या भावांची आहे, माझी नाही.

कलम ५. भावांना वाटा हवा असेल तर एक मार्ग ठेवतो. एक झाड वाढवून चालणार नाही. ११४ ला तिनाने भाग जातो तसा दोनानेही जातो, मी काही दूधखुळा नाही. झाडे ११७ झाली पाहिजेत, प्रत्येकी ३९, दोनाने अशक्य. म्हणजे चार रोपे. एकेक तिन्ही भावंडांनी लावायचे, चौथे जनकाबाईने, आणि चारही एकाच दिवशी, एकमेकांच्या देखत.

कलम ६. हे सारे जनकाबाईला कळले म्हणजे गावाला कळले. आज सही करण्याआधी बागेत गेलो, तर दोन्ही पोरे घामाघूम होऊन खड्डे खणत होती. खड्डे चार, रोपे चार, पण एकही लावलेले नाही.

"लावा न," मी म्हणालो. "वाट कोनाची पाहून राह्यले?"

"ताई दहाच्या गाडीनं येऊन राह्यली," देवानंद म्हणाला. "तिच्या हातचं पहिलं लावतो."

प्रसेनजितने मान वर केली नाही. तो हक्कसोडीचा कागद फाडून खड्ड्यात टाकत होता. खत म्हणून त्याचा काही उपयोग नाही. मी झाडे मोजली. अजून ११३ च आहेत, म्हणून या घटकेला बाग दीपमालाचीच आहे, आणि तशीच सही करतो.

स्थळ: रोहिणखेड
दिनांक: २३ सप्टेंबर २०२४, सकाळी साडेनऊ

सही: दयाराम संपत तायडे

साक्षीदार १: डॉ. मंजुश्री वाकोडे (मीठ अजून कमी केलेले नाही.)

साक्षीदार २: शालिग्राम नारखेडे. दयाराम गुरुजींनी माझ्यासमोर सही केली, हे खरे. सही करताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, हेही खरे. ९१ बाबत माझा विरोध कायम आहे.