भिंतीवरची लाल रेघ

आबा,

जय भीम. मी कोल्हापुरात सुखरूप हाय. परिषदेत राहायची सोय झ्याक हाय, तेवढा भात कच्चा असतोय.

तुमचा फोन कालपासनं बंद लागतोय. गावात लाईट नसंल, दुसरं काय? धरणातनं पाणी सोडलंय म्हणत्यात. रस्ता सुरू हाय तोवर शिरोळकडं परतणाऱ्या दुधाच्या टेम्पोवाल्याकडं ही चिठ्ठी देतोय. आईच्या गुडघ्याचं कसं हाय?

उद्या मला निबंध वाचायचाय. समोर इतिहासाची मोठमोठी प्राध्यापक मंडळी असणार. विषय तुम्हाला ठावं हाय, कृष्णेचे जुने पूर आणि भिंतींवरच्या पाण्याच्या खुणा. सरांनी वाचून पाठ थोपटली. मला मात्र त्यातलं एकच वाक्य सारखं आठवतंय.

गावोगावची म्हातारी माणसं मला एकच सांगत होती, "मागच्या खुणेच्या वर पाणी येत न्हाय म्हणून थांबलो, आणि अडकलो." परवा फोनवर तुमीबी तेच म्हणालासा, "रेघंला पाणी लागू दे, मग बघू."

आबा, आपल्या घराच्या भिंतीवरची ती लाल रेघ मागच्या पुरानंतर मीच मारलीया. पाणी कुठवर आलतं एवढंच ती सांगती. आता कुठं थांबंल, ते तिला काय म्हायती?

म्हशींची दावी सोडा आणि आईला घेऊन आजच इचलकरंजीला श्रुतीताईकडं जावा. पोचल्यावर तिच्या फोनवरनं मिस कॉल द्या. बोलायला उठंस्तोवर मोबाईल हातातच धरून बसणार हाय.

थांबलेल्या माणसांची नावं निबंधात पुष्कळ झालीत. त्यात तुमचं लिहायची पाळी माझ्यावर आणू नका.

तुमचा,
प्रसेनजीत