कोपरा फाटलेलं कार्ड

गडहिंग्लज, ऑगस्ट १९२१

प्रिय मौलाली,

तुझ्या लालासाबचाचाला जाऊन महिना झाला. पुण्याच्या छापखान्यातून तुला रजा मिळाली नाही, त्याचा राग नाही. पण मयतीला केवढं गाव लोटलं ते तू बघायला हवं होतंस. आक्का कुंभारीण तर छाती पिटून रडली, "माझ्या पोराची चिट्ठी पुरातनं डोक्यावर धरून आणलती की ह्येनं!" एकोणीस वर्षं टपाल वाटलं त्याने. वाचता न येणाऱ्यांना वाचूनही दाखवायचा, आणि घरोघरची गुपितं पोटात ठेवायचा. त्याआधी पाच वर्षं सरकारी आगबोटीवर खलाशी होता, चीनच्या लढाईला फौज घेऊन गेलेला. जमिनीवर आला तरी पाय फाकूनच चालायचा. थैलीला अशी गाठ मारायचा की पोस्टमास्तरांनाही सुटायची नाही. हसू येतं आठवून. ओट्यावर बसवून त्याने तुला अक्षरं शिकवली, तेव्हा मी मागे सूप पाखडत तीच गिरवत होते. म्हणून आज कुणाची मिनतवारी न करता हे लिहिते आहे.

तुला कुणी सांगितलं नसेल, माझं लग्न आधी लालासाबशी ठरलं होतं. परत आला की निकाह व्हायचा होता. तुझ्या अब्बांची पहिली बायको पटकीत गेलेली, घर उघडं पडलेलं, आणि त्यांची नजर माझ्यावर. एक दिवस ते बाजारातून कार्ड घेऊन आले. कोपरा फाटलेला. असलं कार्ड म्हणजे मरणाची बातमी, ते उंबऱ्याच्या आत येत नाही आणि कुणी हातातही घेत नाही. अंगणातूनच म्हणाले, बाजारात वाचून घेतलं, लाला दर्यात बुडाला. मी सहा महिने रडले. मग सगळ्यांनी समजूत घालून मला तुझ्या अब्बांच्या पदरात टाकलं.

दोन वर्षांनी लालासाब दारात उभा राहिला तेव्हा तू माझ्या मांडीवर होतास. तुझे अब्बा म्हणाले, टपालवाल्यांचा घोटाळा झाला असंल. लालासाबने तुला उचललं, खेळवलं, आणि पुढच्याच महिन्यात टपालात नोकरी धरली. त्या पावसाळ्याआधी त्याने आपल्या गोठ्याचं छप्पर शाकारलं आणि त्या दिवसापासून आमच्या घरचा घास घेतला नाही. लग्नही केलं नाही. मला वाटायचं, राग माझ्यावर आहे. एकोणीस वर्षं मी तो गुन्हा माझ्या डोक्यावर वागवला, मौलाली.

गेल्या आठवड्यात त्याची पेटी आवरली. तळाला ते कार्ड होतं, धुराने काळवंडलेलं, गवताची काडी अजून चिकटलेली. सख्ख्या भावाचं कार्ड फाडून टाकायचा धीर तुझ्या बापाला झाला नसणार, म्हणून गोठ्याच्या छपरात खोचलं. तिथेच ते लालासाबला सापडलं. मी ते वाचलं. "मी खुशाल आहे. चीनची लढाई संपली की येतो. शहाजादीला सांगा." खाली लालासाबची सही. मरणाचा एक शब्द त्यात नाही. कोपरा तुझ्या बापानेच फाडला. आणि लालासाब हे सारं जाणून रोज आमच्या दारावरून गेला, का तर माझा संसार मोडू नये. त्याच्यावरही मी चिडले आहे. मला विचारायचं तरी होतं.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. तुझ्या बापाची छाती भरली आहे. हकीम आठ दिवसांच्या पुढचं बोलत नाही. आत्ता समोर बाजेवर पडून तो मला मजकूर सांगतो आहे, "लिही, अब्बा लई आजारी हाय, तुझं तोंड बघायचं हाय, आसशील तसा निघून ये." मी मान डोलावते आहे आणि हे लिहिते आहे. येऊ नकोस. तो रोज विचारेल आणि मी रोज सांगेन, टपाल आलं, पण तुझ्या पोराचं काही नाही. लालासाबने त्याला माफ केलं असेल, त्याचं मन मोठं होतं. माझं नाही. वाचून दाखवू का, असं मी मघाशी विचारलं. म्हणाला, "काय नगं, तुझ्यावर इस्वास हाय." खालचा अंगठा त्याने स्वतःच्या हाताने उमटवला आहे.

तुझीच आई,
शहाजादी