गोटा कोणाचा

पांढुर्णा, १९८४

यशवंतराव भाऊजींस साळ्याचा नमस्कार.

यंदाच्या गोटमारीत, नदीच्या दोन काठांवरून आपली दोन गावं एकमेकांवर गोटे फेकत होती तवा, तुमचा डोळा फोडणारा गोटा माहाच होता. गोटमारीत कोणं मारला ते कोणी विचारत नाही, म्हणून मी गप्प राहिलो.

मिशनच्या दवाखान्यात तुमच्या खाटेच्या वर भिंतीले क्रूसावरचा येशू होता. सिस्टर रूथले विचारलं, "यानं काय केलं होतं?"

"खिळे ठोकणाऱ्यांचंही पाप स्वतःवर घेतलं. त्यांनी माफी मागायच्या आधीच दिली."

मंग मले आठवलं. डॉक्टरनं विचारलं होतं, "गोटा कोणाचा?" तुमी माह्याकडं पाहत म्हणाले, "नदीचा."

गोटमारीनंतर आज पयल्यांदा पोटभर जेवलो. हे पत्र डाकेत टाकत नाही. पूल ओलांडून तुमच्या सावरगावले ते घेऊन मीच येतो.

तुमचा,
पुंडलिक